रावणाला पर्याय

बापू विनयाला रावणाच्या अंगरख्याची गोष्ट सांगत होते आणि मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो. हातात मावळ्यांच्या पगड्यांचं बोचकं होतं. ते माळ्यावर टाकायचं आणि खाली उतरायचं, एवढंच काम होतं. पण मी उतरलो नाही.

"हा शिवला तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता," बापू म्हणत होते. "जत्रेतल्या नाटकासाठी शिवला. रावण करणारा गडी तालमीतला. छाती अशी, की दोनदा उसवून वाढवायला लागला. ही बघ, काखेत वेगळी पट्टी दिसती का? ती तुझ्या आईच्या शालूची."

विनयानं ती पट्टी बोटानं चाचपली आणि मांडीवरच्या कागदावर काहीतरी टिपलं.

मी कॉलेज सोडल्यापासून त्या दुकानात होतो. तो अंगरखा माझ्या हातांनी किती वेळा झटकला असेल, उन्हात टाकला असेल, त्याच्या तुटलेल्या गुंड्या लावल्या असतील, त्याला गणती नाही. काखेतली पट्टी मला पाठ होती. ती आईच्या शालूची आहे, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मी बोचकं माळ्यावर असं आदळलं, की धुळीनं दोघंही खोकले. मला बरं वाटलं.

सांगलीत आमची हरोलीकर ड्रेपरी. नाटकांचे, जत्रांचे, शाळांच्या गॅदरिंगचे कपडे आम्ही भाड्यानं देतो. रावणापासून वासुदेवापर्यंत आणि झाशीच्या राणीपासून गाजराच्या वेशापर्यंत सगळं आमच्याकडे मिळतं. बापू बाहेर गादीवर बसायचे, मी आत कपाटं सांभाळायचो. गिऱ्हाईक बापूंशी बोलायचं, बापू आत हाक मारून काय द्यायचं ते सांगायचे आणि मी पिशवी भरायचो. भरलेली पिशवी पुन्हा बापूंच्या हातात. गिऱ्हाइकाच्या हाती पिशवी द्यायची ती गादीवरच्या माणसानंच, हा आमच्याकडचा रिवाज. आजोबांपासून चालत आलेला.

आदल्या हंगामात बापूंनी एकाच दिवशी एकच रावण दोन शाळांना कबूल केला. मी कशीबशी वेळ मारून नेली, पण त्यानंतर मी म्हणालो होतो, की बापू, आपण एक कॉम्प्युटर घेऊ. त्यावर ते म्हणाले, यंत्राला धोतराचा काठ कळतो का? विषय संपला. मग दिवाळीला विनया आली. ती पुण्यात एका कंपनीत होती. लोकांच्या धंद्यातली माहिती कॉम्प्युटरमध्ये नीट कशी मांडायची, हेच तिचं काम. एक नोकरी सोडलेली, दुसरी नव्या वर्षात सुरू व्हायची. फराळाच्या ताटावर तिनं माझंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बापूंनी करंजी मोडली आणि म्हणाले, "कर की."

माझा तिळपापड झाला. बहीण माझ्याहून धाकटी, लाडकी, हुशार, हे सगळं मी लहानपणापासून गिळत आलोच होतो. तिला पुण्याला पाठवलं तेव्हा मी काही बोललो नाही. पण दुकान माझं होतं. निदान होणार होतं. आणि मला त्या दुकानात एकच गोष्ट हवी होती: बापूंनी एकदा तरी, गिऱ्हाइकासमोर, "जयवंताला विचारा" म्हणावं. इतकी वर्षं मी त्या दोन शब्दांची वाट पाहत कपाटं लावत होतो, आणि ही बाई दिवाळीला येऊन थेट बापूंच्या शेजारी बसली होती.

विनयानं आतल्या खोलीत पथारी मांडली. जुन्या नाटकांच्या जाहिरातींचे मोठे कागद होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती चौकोन काढायची. कपडा हा एक चौकोन, भूमिका दुसरा, गिऱ्हाईक तिसरा, पावती चौथा. मग त्यांच्यात रेघा. मला समजावताना म्हणाली, "दादा, एक कपडा पुष्कळ भूमिकांना चालतो आणि एका भूमिकेला पुष्कळ कपडे लागतात. म्हणून या दोघांच्या मधे आणखी एक टेबल लागतं. त्यात नुसत्या जोड्या." मी म्हणालो, हे तर मी दिवसभर करतो. ती म्हणाली, "तेच. ते तुझ्या डोक्यात आहे, कागदावर कुठंय?" बोलणं खरं होतं म्हणून जास्त झोंबलं.

तिच्या चौकोनांसाठी तिला माहिती हवी असायची, आणि माहिती बापूंकडे. ती विचारायची आणि ते सांगायचे. कुठला शेला कुठून आणला, कुठल्या मुकुटाचे मणी बदलले, कोणाच्या अंगावर काय शोभलं. मी असं काही विचारलं, की आयुष्यभर एकच उत्तर मिळालं होतं: बघून शीक. आता चहा दोनाऐवजी चार वेळा व्हायला लागला. बापू गादी सोडून आत येऊन बसायचे, आणि बाहेर कोणी आलं की मला म्हणायचे, "कोण आहे बघ, बसव त्यांना, मी आलोच." म्हणजे मी फक्त बसवायचं.

माझं जेवण कमी झालं. आमची मालन ताट उचलताना म्हणाली, "तुमचं पोट दुखतंय. ओवा देऊ, की नणंदबाईंना पुण्याला पाठवू?" बायकोला सगळं कळतं आणि ती नेमकं तेवढंच बोलते. मी ओवा घेतला.

डिसेंबर उजाडला, गॅदरिंगचा हंगाम तोंडावर आला, आणि विनयाचा प्रोग्राम चालू झाला. कॉम्प्युटर गादीशेजारी टेबलावर ठेवला. हिरेमठबाई पहिल्या आल्या. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेत दर वर्षी नाटक बसवायच्या. त्यांना रावण हवा होता. विनयानं तारीख घातली, रावण घातला आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली ती तिनं मोठ्यानं वाचली, "उपलब्ध नाही." आवाजात केवढा आनंद होता. यंत्र बरोबर चाललं होतं. रावण खरोखरच तासगावला चालला होता.

हिरेमठबाईंनी पर्स खांद्याला लावली आणि त्या उठल्या.

"बसा बाई," बापू म्हणाले. "नाही कोण म्हणालं? यमाचा झगा देतो. जयवंता, यमाचा झगा काढ."

मी आत गेलो, पिशवी भरली आणि आणून दिली. बापूंनी ती घेतली, क्षणभर तशीच धरून ठेवली आणि बाईंच्या हातात दिली. बाई गेल्यावर ते विनयाकडे वळले. चिडले नव्हते, दुखावले होते.

"आपल्या दुकानात हा शब्द नाही, विनया. माझ्या बापानं तो कधी उच्चारला नाही, मी नाही. माणूस रावण मागायला येतो आणि काहीतरी घेऊनच जातो. तुझ्या यंत्रानं पहिल्याच दिवशी नाही म्हणायला शिकावं?"

मी कपाटाच्या दाराआड उभा होतो. आत उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, झालं, आता सगळे चौकोन रद्दीत. बापू मला हाक मारतील आणि म्हणतील, तूच सांभाळ रे बाबा.

पण विनया रडली नाही की रुसली नाही. तिनं जाहिरातीचा कागद पुन्हा पसरला, थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चुकलंच माझं. कपडा आहे की नाही एवढंच मी विचारत होते. तुमचा धंदा तर तो नसतो तेव्हाच सुरू होतो." आणि तिनं मधोमध एक नवा चौकोन काढला. त्यावर लिहिलं: पर्याय. मग बापूंना म्हणाली, "आता एकेक सांगा. हे नसलं तर काय देता, आणि का देता?"

बापूंचा चेहरा असा खुलला, की मला बघवेना.

पुढचे दिवस माझ्यासाठी फार वाईट गेले. आमच्या धंद्याचं मर्म तेच होतं: एक वस्तू नसताना दुसरी कुठली द्यायची. आणि ते बापू आता तिला सांगत होते. मी बाहेर गिऱ्हाइकं बसवत होतो आणि कान आत होते. विनयानं विचारलं, रावणाला यमाचा झगाच का? मला वाटलं, काळा आहे, जरीचा आहे, दुसरं काय असणार. बापू म्हणाले, "ज्यानं यमाला बांधून घातलं होतं, त्याच्या अंगावर यमाचाच झगा शोभतो. रावणाला दुसऱ्या राजाचं वस्त्र देऊ नये. तो मागून घेणारा नाही, हिसकावून घेणारा आहे."

तो झगा मी किती वर्षं कपाटातून काढत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. मत्सर म्हणजे काय हे मला त्या दिवशी नीट कळलं. विनयाला काहीतरी मिळत होतं याचं दुःख नव्हतं, जे मिळत होतं ते माझंच होतं याचं होतं.

हिरेमठबाईंचे कपडे परत आले त्या दुपारी विनया आत आली. एकेका कपड्याला आकड्याची चिंधी शिवून परतीची नोंद ती स्वतः करत होती. बँडवाल्याचा लाल कोट तिच्या हातात होता.

"दादा, बाईंच्या पावतीवर यमाचा झगा आहे. परत आलाय तो हा."

"असेल."

"गेल्या आठवड्यात विष्णूच्या शेल्याचं तसंच झालं. वासुदेवाच्या झग्याचंही तसंच. बापू सांगतात एक आणि पिशवीत जातं दुसरं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि मला लपवायचंही नव्हतं. मी सांगितलं तिला. रावण करणारं पोर पाचवी-सहावीतलं असतं. त्याच्या खांद्यावर दहा तोंडांची फळी. त्यावर यमाचा तो मखमली झगा घातला, की पोर दुसऱ्या प्रवेशाला डुलायला लागतं. बँडवाल्याचा कोट हलका, लालभडक, सोनेरी गोंडे लावलेला. खांद्यावरून शेला आडवा टाकला, की लांबून रावणच. मी गिऱ्हाइकाला दारात गाठून कानात सांगायचो, कसा घालायचा ते. आजवर एकानंही तक्रार केली नव्हती. उलट पुढच्या वर्षी तेच लोक परत यायचे.

"बापूंना माहीत आहे?"

"नाही. तुला सांगायचं असेल तर खुशाल सांग. तुमची काय, रोजच बैठक असते."

टोमणा तिला कळला. तिनं तो बाजूला ठेवला. "माझी अडचण वेगळी आहे. एका कपड्याला एकच पर्याय, असं टेबल मी केलंय. त्यात काय घालू? बापू सांगतात ते, की दुकानातून जातं ते?"

माझं घाल, हे अगदी ओठावर आलं होतं. पण मागून घ्यायला मन तयार होईना. "तुझं टेबल आहे, तू ठरव," मी म्हणालो.

"दुकान माझं नाही," ती म्हणाली आणि गेली.

तिनं ते चहाच्या वेळी दोघांसमोर काढलं. आढेवेढे न घेता, पण कोणावर ठपका न ठेवता. रावणाला दोन पर्याय निघाले आहेत, एक बापूंचा, एक दादाचा, टेबलात एकच मावतो, तर कुठला ठेवायचा. इतकी वर्षं बापूंच्या शब्दावर मी आत जाऊन वेगळंच भरत आलो होतो, हे आता उघड्यावर आलं होतं. मी त्यांच्या आवाजाची वाट पाहत राहिलो.

बापूंनी चहा संपवला. बशी खाली ठेवली.

"जयवंताचं घाल," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?" विनयानं विचारलं.

"पिशवी माझ्या हातातून जाते ना. यमाचा झगा मनगटाला ओढ लावतो. ही पिशवी कापसागत हलकी. मला पहिल्या वर्षीच कळलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हटलं, येऊ दे तक्रार, मग बोलू. तक्रार आलीच नाही. गिऱ्हाईक परत यायचं आणि मला म्हणायचं, बापू, काय शोभला तुमचा रावण. मी हसायचो. आणि इथं, बरगडीच्या खाली, जळायचं."

ते असं काही बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "मग मला कधी काही सांगितलं का नाहीत? हिला सगळं सांगता. शालूची पट्टी, यमाचं कारण. मला एक अक्षर नाही."

"तुला सांगितलं की तू सुधारतोस," बापू म्हणाले. "धोतर नेसायचं शिकवलं, तू चार दिवसांत शिवलेलं धोतर आणलंस. मुकुट बांधायला शिकवला, तू रबर लावलंस. चांगलंच केलंस. पण माझं काय उरलं त्यात? ही पोरगी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेते. तिला त्यात काही बदलायचं नसतं. म्हणून हिला सांगतो."

बँडवाल्याचा कोट विनयाच्या मांडीवर होता आणि ती त्याचे गोंडे सारखे करत होती.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "बापू आहेत का?"

बापू उठले नाहीत. बसल्या जागेवरून, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जयवंताला विचारा."

झालं. ज्यासाठी मी इतकी वर्षं कपाटं लावली ते दोन शब्द आले. मी बाहेर गेलो. कुठल्याशा नाट्यमंडळाचा माणूस होता, काय मागत होता ते आज आठवत नाही. मी "थांबा, बघतो" म्हणालो आणि गादीच्या कडेला उभा राहिलो, बसलो नाही. आत बापूंनी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. आवाज हळू होता, शब्द कळत नव्हते. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मी सगळा जीव कानात आणून आतलं ऐकायचा प्रयत्न करत होतो.

संध्याकाळी विनयानं टेबल बदललं. एकाला एकच ही अट तिनं काढून टाकली. एका कपड्याला हवे तेवढे पर्याय, आणि त्यांच्यापुढे दोन नवे रकाने: एक कोणाचा, दुसरा कारण. बापूंची कारणं भरायला तिला बरेच दिवस लागले, कारण ते प्रत्येकाला गोष्ट सांगायचे. माझ्याकडे आली तेव्हा बोटं कळफलकावर ठेवून तिनं विचारलं, "बँडवाल्याचा कोट. कारण?"

"हलका पडतो," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

नव्या वर्षात ती पुण्याला गेली. बापू गादीवर येत राहिले, पण हळूहळू कमी. मग यायचे थांबले आणि मग गेले. विनया आता बंगळूरला असते. प्रोग्राम दोनदा नव्यानं झाला, तो करायला आलेली मुलं म्हणाली, काका, हे जुने रकाने कशाला ठेवताय? मी ते दोन रकाने काढू दिले नाहीत.

कॉम्प्युटरवर आता आस्माबी बसतात. पूर्वी त्या आमच्याकडचे कपडे शिवायच्या, नजर कमी झाल्यावर मशीन सोडून पडद्यासमोर आल्या. त्यांना वाचून दाखवायची हौस आहे. मागच्या डिसेंबरात एका शाळेच्या तरुण बाई रावण मागायला आल्या. रावण बाहेर गेला होता. आस्माबींनी दोन्ही ओळी वाचल्या. आधी माझी: बँडवाल्याचा कोट, जयवंत, हलका पडतो. मग दुसरी: यमाचा झगा, बापू, ज्यानं यमाला बांधून घातलं होतं, त्याच्या अंगावर यमाचाच झगा शोभतो.

"हाच," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, बाई, जड आहे तो, पोर डुलेल. कोट बघून तरी घ्या. मी चांगला समोर पसरून दाखवला, शेला कसा टाकायचा तेही दाखवलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, नको, हाच द्या.

मी आत जाऊन पिशवी भरली. यमाचाच झगा भरला. त्यांच्या हातात देताना मनगटाला ओढ लागली.

कपडे परत करायला बाई स्वतः आल्या. त्या सांगत होत्या, की झगा इतका जड, की पोराला पाय उचलून टाकावा लागत होता. ते हळूहळू चालत रंगमंचावर आलं, आणि खालची सगळी दंगेखोर मुलं एकदम गप्प झाली. राजाच आला असं वाटलं. दहा तोंडं सांभाळताना ते एकदा डुललंही, तर लोकांना वाटलं रावण गर्वानं डुलतोय.

"काय शोभला हो तुमचा रावण," बाई म्हणाल्या.

मी हसलो. आणि बरगडीच्या खाली, नेमक्या त्याच जागी, जळलं.